साक्षीदार नसलेला सौदा

सैतानाशी केलेल्या सौद्याची कथा हा युरोप-अमेरिकेतील कथावाङ्मयाचा एक जुना आणि अजूनही न थकलेला प्रकार आहे. त्याचा सांगाडा साधा असतो : एक गरजू किंवा महत्त्वाकांक्षी माणूस, त्याच्या गरजेचा वास लागून आलेला एक सभ्य अनोळखी इसम, ठरावीक मुदत, मुदत संपल्यावर किंमत म्हणून द्यायचा आत्मा, आणि या सगळ्याची नोंद करणारा, बहुधा रक्ताने सही केलेला, कागद. १५८७ साली फ्रांकफुर्टच्या योहान श्पीस या मुद्रकाने डॉक्टर फाउस्टची जी लोकप्रिय पोथी छापली, तिच्यात ही मुदत चोवीस वर्षांची आहे. पुढे वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२४ मध्ये टॉम वॉकर नावाच्या कंजूष माणसाला सैतानाच्या भांडवलावर सावकार करून टाकले, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८९१ मध्ये सैतानाला बाटलीत कोंडून ती बाटली विकत घेतलेल्या किमतीपेक्षा कमी किमतीलाच विकता येईल अशी अट घातली, आणि स्टीफन व्हिन्सेंट बेने याने १९३६ मध्ये न्यू हॅम्पशरच्या एका दुर्दैवी शेतकऱ्याचा करार मृतांच्या ज्यूरीपुढे नेऊन निष्णात वकिलाकडून मोडून घेतला. या सर्व कथांचा जीव अटीत असतो. वाचक शेवटापर्यंत जातो तो कागदातली पळवाट कोणाला आधी सापडते हे पाहण्यासाठी, आणि म्हणूनच हा प्रकार कादंबरीपेक्षा लघुकथेला अधिक मानवला आहे, कारण एका अटीवर एकच कथा नीट उभी राहते.

मराठीत गूढकथा आणि भयकथा विपुल असूनही या घाटाची लक्षात राहणारी कथा क्वचितच आढळते, आणि जिथे शिंगे, उलटा क्रूस व रक्ताची सही हे साहित्य जसेच्या तसे उचललेले असते, तिथे कथा परक्या घरी उतरलेल्या पाहुण्यासारखी अवघडून बसते. याचे एक तयार उत्तर दिले जाते : हिंदू परंपरेत ईश्वराचा प्रतिस्पर्धी असा सैतान नाही, म्हणून त्याच्याशी सौदाही नाही. हे उत्तर अर्धेच खरे आहे. आत्मा कापता वा जाळता येत नाही आणि तो एका जन्मापुरताही नाही असे मानणाऱ्या समाजात तो तारण म्हणून कोणी स्वीकारणार नाही, इतके त्यातून कळते. परंतु अमानवी शक्तीशी देवघेव करण्याची कल्पना मराठी मनाला परकी आहे, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. उलट, मराठी धार्मिक व्यवहारात देवघेवीची भाषा इतकी मुरलेली आहे की ती देवघेव आहे हेच अनेकदा जाणवत नाही. प्रश्न असा विचारायला हवा की इतक्या देवघेवींपैकी मराठी कल्पना नेमक्या कोणत्या देवघेवीला भिते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की समोर देव बसला आहे की भूत, यावरून ही भीती ठरत नाही. सौदा कोणाच्या साक्षीशिवाय झाला आणि त्याची फेड कोणाच्या माथी गेली, यावरून ती ठरते.

या म्हणण्याचा सर्वांत जुना आणि स्पष्ट पुरावा भयकथेत नसून एका पारायणग्रंथात आहे. सरस्वती गंगाधर यांच्या ‘गुरुचरित्रा’च्या विसाव्या अध्यायात शिरोळच्या एका ब्राह्मण स्त्रीची कथा येते. तिची मुले जन्मतात आणि दगावतात. कारण शोधता असे निघते की मागच्या जन्मी तिने शौनक गोत्राच्या एका ब्राह्मणाकडून शंभराची रक्कम घेतली होती व ती परत केली नव्हती. त्या दुःखाने तो जिवाला मुकला, समंध म्हणजे अतृप्त ब्राह्मणाचे भूत झाला, आणि आता तिची संतती घेऊन वसुली करतो आहे. यात मोह घालणारा कोणी नाही, आत्म्याची खरेदी नाही, सहीचा कागद नाही. एक धनको आहे, एक ऋणको आहे, आणि जी मुले या व्यवहारात पक्षकार नव्हती ती त्याची किंमत मोजत आहेत. अधिक लक्षणीय आहे ती सोडवणूक. ज्यांचे हे चरित्र आहे ते गुरू श्रीनृसिंहसरस्वती समंधाला आपल्या सामर्थ्याने भस्म करत नाहीत. स्वप्नात त्याच्याशी बोलणी होतात, त्या स्त्रीने त्याची उत्तरक्रिया करावी, ऐपतीप्रमाणे द्रव्य द्यावे आणि समंधाने तेवढ्यावर समाधान मानावे, असे ठरते. ही शुद्ध तडजोड आहे, कर्जफेडीच्या पंचायतीत होते तशी. ख्रिस्ती परंपरेतील थिओफिलसच्या आख्यायिकेत मेरी सैतानाकडून लेखी करार परत मिळवून देते. इथे कर्ज नाकारलेच जात नाही, ते योग्य माणसाकडून योग्य रीतीने फेडून घेतले जाते.

मराठी मुलखाला करारपत्राची धास्ती नव्हती असे यावरून कोणी समजू नये. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता आणि हाती लागलेले कागद त्यांनी जाळले. वाचता न येणाऱ्या माणसाने ज्यावर अंगठा उठवला आहे आणि ज्यातील रक्कम दर वर्षी त्याच्या नकळत वाढते आहे, असा कागद हा फाउस्टच्या करारापेक्षा कमी भयंकर नव्हता. सैतानाच्या पैशाने सावकारी करणारा अर्व्हिंगचा टॉम वॉकर सुप्याच्या शेतकऱ्यांना ओळखीचा वाटला असता. इथेही उपाय काय योजला गेला हे पाहण्यासारखे आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने गावोगावी निबंधक नेमण्याची तरतूद केली, आणि शेतकऱ्याने करून दिलेला दस्त अशा निबंधकासमोर झाल्याशिवाय ग्राह्य धरला जाणार नाही असे ठरवले. रोख्याचा विखार काढण्यासाठी सरकारला जे सुचले ते हेच : व्यवहार चार भिंतींतून बाहेर काढून तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आणणे.

तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर होणारा सौदा मुंबईच्या उपनगरांत आजही पाहायला मिळतो. भांडुप, मुलुंड, बोरिवली या भागांत स्थिरावलेला कोकणातला चाकरमानी, म्हणजे पोटापाण्यासाठी मुंबईत नोकरी धरलेला माणूस, गावच्या राखणीची वर्गणी न चुकता पाठवतो. राखण म्हणजे गावाच्या व शेताच्या सीमा सांभाळणाऱ्या राखणदाराला, ज्याला दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवचारही म्हणतात, दर वर्षी द्यायचा मान : नारळ, कोंबडा, क्वचित बकरा. हाच देवचार ख्रिस्ती कोंकणीत थेट सैतान झाला, यावरून मिशनऱ्यांनी कोणाला प्रतिस्पर्धी मानले ते दिसते. गावाला मात्र तो अटी पाळणारा, म्हणून भरवशाचा, शेजारी वाटत आला. हा मान देण्यापूर्वी गावकर किंवा गुरव गाऱ्हाणे घालतो, म्हणजे देवतेसमोर मोठ्याने मागणे मांडतो : अमुक दिले आहे, त्याच्या बदल्यात अमुक सांभाळ, अमुक चुकले असेल तर पोटात घाल. प्रत्येक वाक्यामागे जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार देतात. करारशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर यात दोन्ही पक्ष, मोबदला, मुदत आणि साक्षीदार असे सगळे आहे. मुदत वर्षाची असल्यामुळे दर वर्षी नूतनीकरण होते आणि जन्मभराचे गहाण कोणावर पडत नाही.

गोरेगाव-अंधेरीच्या पूर्वेला आरेच्या जंगलातील पाड्यांवर आणि पलीकडे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने राहणारे वारली वाघोबाला मानतात. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवायचा आणि वर्षभर त्याने माणसांना व गुरांना सांभाळून असायचे, असा हा करार आहे, आणि ज्या जंगलात बिबट्या खरोखरच फिरतो तिथे तो केवळ रूपक राहत नाही. उपनगरांतील ख्रिस्ती वस्तीही याला अपवाद नाही. १५३४ नंतर वसई आणि मुंबईलगतचे साष्टी बेट पोर्तुगिजांकडे गेले, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांचे चर्च केले, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्रातला सैतान त्याच सुमारास मराठी बोलणाऱ्या गावठाणांत पोहोचला. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले तेव्हा श्पीसच्या फाउस्टपोथीला पुरती तीस वर्षेही झाली नव्हती. तरीही ईस्ट इंडियन, म्हणजे या गावठाणांतील मूळच्या ख्रिस्ती, समाजाच्या सार्वजनिक श्रद्धेत ठळकपणे दिसतो तो फाउस्टचा एकांत नाही. वांद्रे आणि परिसरातील रस्त्यांवर १८९६ च्या प्लेगच्या काळात नवसाचे क्रूस उभे राहिले, सगळ्यांना दिसतील असे, नाक्यावर. मोतमावलीच्या जत्रेत भाविक मेणाचे घर, मेणाचे मूल, मेणाचा पाय विकत घेतो आणि वेदीवर ठेवतो. त्याला काय हवे आहे हे रांगेत मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही कळते. नवसाला धर्मसुधारकांनी लाच म्हटले आहे, आणि देवाच्या दृष्टीने ती टीका योग्य असेलही, पण लाच लपवून दिली जाते आणि नवस बोलून दाखवला जातो, हा फरक त्या टीकेत विसरला गेला.

आता लपवलेल्या सौद्याकडे वळता येईल. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे वायंगी नावाच्या भुताची समजूत आहे. वायंगी मांत्रिकाकडून विकत मिळते, मालकाला भरभराट आणून देते आणि ती भरभराट शेजाऱ्याच्या शेतातून, शेजाऱ्याच्या खळ्यातून ओढून आणते असे मानतात. तिचा मान चुकला तर ती घरावर उलटते, आणि मालक मेला तरी संपत नाही, वारसांकडे जाते. राखणदार आणि वायंगी यांच्यात देवत्वाच्या पायरीचा काही फरक असेलच, पण गाव ज्या फरकावर बोट ठेवते तो निराळा आहे. राखणदार सगळ्यांचा असतो आणि त्याची देणी सगळ्यांदेखत दिली जातात. वायंगी एकाची असते, तिचा मान रात्री आणि गुपचूप द्यावा लागतो, आणि एखाद्याकडे वायंगी आहे ही बातमी नेहमी कुजबुजीतूनच पसरते. अचानक श्रीमंत झालेल्या माणसाबद्दलच्या मत्सराने अशा कुजबुजीला खतपाणी घातले, हे उघड आहे. तरीही मत्सराने निवडलेली भाषा काय सांगते हे महत्त्वाचे आहे : आरोप भुताशी मैत्री केल्याचा नाही, एकट्याने आणि शेजाऱ्याच्या जिवावर केल्याचा आहे.

गुप्तधनाच्या कथा याच जातीच्या. जमिनीत पुरलेल्या धनावर नाग किंवा एखादे भूत राखण बसलेले असते, पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाला ते दिसते, आणि ते सुटण्यासाठी बळी मागितला जातो, बहुतेकदा लहान मुलाचा. हे केवळ कथेत राहिले असते तर बरे झाले असते. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया व मुलींच्या ज्या हत्या झाल्या, त्यांच्यामागे गुप्तधन आणि संततीच्या हव्यासातून सांगितलेले बळी असल्याचे पोलिसांच्या तपासात पुढे आले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यावर निघालेला वटहुकूम आणि त्याच वर्षी डिसेंबरात संमत झालेला जादूटोणाविरोधी कायदा यांच्या अनुसूचीत नरबळी, गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये आणि एखाद्याला सैतान ठरवणे हे सारे एकत्र आले आहे. कायद्याने श्रद्धेला हात लावलेला नाही. दुसऱ्याच्या शरीरावर, दुसऱ्याच्या अब्रूवर लादलेली किंमत त्याने गुन्हा ठरवली. लोकसमजुतीने वायंगी आणि राखणदार यांच्यात जी रेघ ओढली होती तिच्या बऱ्याच जवळून ही कायद्याची रेघ जाते.

कोकणातील भुताखेतांच्या समजुतींचे एक मोठे संकलन आर्थर जॅक्सन या मुलकी अधिकाऱ्याच्या टिपणांतून उभे राहिले आणि रेजिनाल्ड एन्थोवेनने ते १९१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या टिपणांत गिऱ्हा या पाण्यातल्या भुताची माहिती आहे : त्याचा केस ज्याच्या हाती लागेल त्याचा तो चाकर होतो. संकलनाचे हे काम जॅक्सनच्या हयातीत पूर्ण झाले नाही, कारण २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्या रात्री रंगमंचावर ‘शारदा’ होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही, कारण गोविंद बल्लाळ देवलांचे १८९९ चे हे नाटक सैतानाशिवाय लिहिलेली सैतानी सौद्याची कथा आहे. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या जख्ख म्हाताऱ्याला द्यायला निघतो आणि हा व्यवहार जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित फाउस्टच्या सैतानाचे, मेफिस्टोफिलिसचे, सगळे काम करतो : गोड बोलणे, गरज ओळखणे, मुदत गाठणे. पैसे बापाला मिळणार आणि आयुष्य मुलीचे जाणार. समंधाने शिरोळच्या स्त्रीची मुले घेतली तेव्हा निदान तो धनको तरी होता. कांचनभटाचे शारदेकडून काहीही येणे नव्हते. मराठी प्रेक्षकाला या नाटकाने इतका काळ धरून ठेवले त्यात त्यातील गाण्यांचा वाटा मोठा आहे, पण त्यातल्या भीतीचाही आहे, आणि ती भीती समंधाच्या भीतीपेक्षा वेगळी नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी गूढकथेकडे या अंगाने पाहिले की तिचे बळ आणि तिची उणीव दोन्ही दिसतात. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठी वाचकाला अमानवी भयाची जेवढी सवय लावली तेवढी क्वचितच कोणी लावली असेल, आणि इंग्रजी भयकथेकडून त्यांनी मोकळ्या हाताने घेतले. त्यांच्या अनेक कथांत माणूस लोभाने किंवा कुतूहलाने एखाद्या काळ्या शक्तीला दार उघडून देतो. पण ज्या कथांत समर्थ हे त्यांचे उद्धारक पात्र येते तिथे सौद्याची कथा सौद्याची राहत नाही. समर्थ श्रेष्ठ शक्तीने दुष्ट शक्तीचा पराभव करतात. करार काय होता, त्यातली अट न्याय्य होती का, देणे खरोखर लागत होते का, हे प्रश्न पराभवाच्या धुरळ्यात नाहीसे होतात. ‘गुरुचरित्रा’तल्या गुरूने समंधाशी बोलणी केली होती, त्याचे येणे मान्य करून ते कमी करून घेतले होते. समर्थ त्याच परंपरेतले असले तरी मधल्या काळात गुरूची वाटाघाटीची हातोटी गळाली आणि फक्त सामर्थ्य उरले. बेनेच्या वकिलाकडे सामर्थ्य नव्हते, फक्त युक्तिवाद होता, आणि म्हणून ती कथा पुन्हा वाचता येते. धारपांची कथा पहिल्या वाचनात जास्त घाबरवते. दुसऱ्या वाचनाला तिच्याकडे फारसे काही शिल्लक नसते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी भय मध्यमवर्गीय घरात, नात्यांच्या आत आणले, त्यामुळे त्यांच्या कथेत सैतानाची गरजच कमी झाली. माणसेच एकमेकांकडून वसुली करू लागली. जी. ए. कुलकर्णी या चर्चेत वारंवार ओढले जातात, ते अस्थानी आहे. ‘काजळमाया’ किंवा ‘रमलखुणा’तील नियती कोणाशीही सौदा करत नाही, कोणाला किंमत सांगत नाही; सौद्यासाठी निदान नकार देण्याचे स्वातंत्र्य लागते आणि जीएंच्या माणसांना ते फारसे नसते.

या घाटाला मराठीत सर्वांत जवळून भिडली ती कथा नसून कादंबरी आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’त (१९६६), जिच्यावर श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये चित्रपट केला, समुद्राकाठी भेटलेला कोंडुरा स्वामी परशुरामाला गर्भ पाडण्याची शक्ती असलेली एक मुळी देतो आणि बदल्यात ब्रह्मचर्याची अट घालतो. देणारा देव आहे की भ्रम की आणखी काही, हे खानोलकर ठरू देत नाहीत. अट मात्र लख्ख आहे आणि तिची रचना अचूक आहे : ती परशुराम एकटा कबूल करतो, पण पाळावी लागते त्याच्या बायकोलाही, आणि तिला कोणी विचारलेले नसते. मुळीही अशीच, दुसऱ्याच कोणाच्या गर्भावर चालणारी. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत जन्मलेल्या या लेखकाला गावऱ्हाटी, म्हणजे गाव आणि देवता यांच्यातील हक्क व देण्यांची सगळी व्यवस्था, आतून माहीत होती, म्हणून गावाच्या साक्षीबाहेर मिळालेले वरदान किती धोक्याचे असते हे त्यांना सैतान न आणता दाखवता आले.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले, त्यातील आजीचा भाग धारपांच्या ‘आजी’ कथेवरून सुचला, आणि त्याची भूमी व माणसे पुरती मराठी आहेत. त्याचा नायक विनायकराव हस्तर या शापित देवाशी करार करत नाही, त्याच्या कटीवस्त्रातून मोहरा चोरतो. खरा करार आजीशी होतो, जिच्याकडून तो रहस्य घेतो आणि बदल्यात तिला यातनांतून सोडवतो. चित्रपटाने पारंपरिक घाटाला दिलेली भर म्हणजे वारसाचे शिक्षण. बाप मुलाला चोरीची तालीम देतो, आणि वायंगीचे वारसाहक्काने घराण्यात उतरणे प्रथमच दृश्य होते. चित्रपटाच्या प्रतिमा इतक्या बलवान आहेत की समीक्षेत लोभाविषयीची बोधकथा एवढेच त्याचे वर्णन झाले. लोभ तर टॉम वॉकरच्या कथेतही आहे. मुलाच्या हातात लोभ ठेवणारा बाप मात्र तिथे नाही.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. फाउस्टने सौदा पैशासाठी केला नव्हता; त्याला ज्ञान हवे होते, आणि म्हणूनच तो युरोपच्या आधुनिकतेचा नायक झाला. विंदा करंदीकरांनी ग्योथेच्या ‘फाउस्ट’चा पहिला भाग १९६५ मध्ये मराठीत आणला, तरी ज्ञानासाठी सर्वस्व गहाण टाकणाऱ्या माणसाची कथा मराठीत रुजली नाही. मराठी सौदेकथा धन, जमीन आणि संतती यांच्याभोवतीच फिरतात. मग त्यांना दुय्यम का म्हणू नये? यातील वस्तुस्थिती मान्य करावी लागते. तिचे कारण मात्र कल्पनेच्या दारिद्र्यात शोधण्यापेक्षा ज्ञानाच्या मालकीत शोधणे योग्य ठरेल. फाउस्ट हा विद्यापीठात सर्व शाखा शिकून कंटाळलेला पंडित आहे. त्याच्यापुढचा प्रश्न उपलब्ध ज्ञान अपुरे पडण्याचा आहे. इथे बहुसंख्यांना उपलब्ध ज्ञानाच्या दारातच उभे केले जात नव्हते. ज्ञानाच्या सौद्याची जी कथा या समाजाने सांभाळली ती एकलव्याची आहे, आणि तिच्यात किंमत आधी सांगितलेलीच नव्हती. विद्या त्याने स्वतः मिळवली, न दिलेल्या विद्येची दक्षिणा मागितली गेली, आणि ती अंगठ्याच्या रूपाने वसूल झाली. कर्णाला परशुरामाकडून अस्त्रविद्या मिळाली ती खोटी जात सांगून, आणि खोटेपणा उघडा पडताच ऐन वेळी ती आठवणार नाही असा शाप मिळाला. अटी, किंमत, वसुली असे सौदेकथेचे सगळे अवयव या दोन कथांत आहेत. फक्त सैतानाच्या जागी गुरू आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात ग्रहांची भीती घालून कुणबी जोडप्याकडून वसुली करणारा जोशी आहे आणि त्या जोडप्याला शेवटी मार्ग सापडतो तो शाळेत. दलित साहित्याने एकलव्याला पुन्हा पुन्हा हाक मारली ती याच हिशेबासाठी. मराठीतला फाउस्ट शोधायचा असेल तर तो अंगठ्याच्या बाजूला उभा राहून शोधावा लागेल.

उरतो प्रश्न उपनगरांचा, जिथे या जुन्या व्यवस्थेतून बाहेर पडलेली माणसे राहतात. गावऱ्हाटीत सौदा गावाचा होता. घाटकोपर किंवा मुलुंडच्या सदनिकेत तो कुटुंबाचा होतो, आणि तोही बहुतेकदा कुटुंबातील एक-दोन माणसांचा. वीस वर्षांच्या गृहकर्जावर सही करणारा जे गहाण टाकतो त्यात अजून न घडलेली वर्षे असतात, म्हणजे फाउस्टच्या चोवीस वर्षांशी तुलना करावी असा हा व्यवहार आहे, फक्त इथे सुख आधी आणि वसुली नंतर अशी मांडणी नसून दोन्ही एकाच महिन्यापासून सुरू होतात. मध्यमवर्गीय मराठी कथेने नोकरीतली घुसमट, म्हातारपण, परदेशी गेलेली मुले हे विषय भरपूर हाताळले. हप्त्याचा आणि हक्कनोंदीचा विषय तिला नीरस वाटला असावा. वास्तविक, उपनगरांत आज घरोघरी बोलला जाणारा सौदा जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा आहे : जुने घर सोडायचे, ठरावीक मुदत भाड्याने राहायचे, आणि मुदतीनंतर मोठे घर मिळेल या वचनावर विसंबायचे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली राज्य शासनाने २००९ मध्ये यासाठी निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारून ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली. विशेष सर्वसाधारण सभेचे चित्रीकरण करण्याची अटही या निर्देशांत आहे. गाऱ्हाण्यातली मंडळी, १८७९ चा ग्रामनिबंधक आणि हा कॅमेरा यांचे काम एकच आहे, आणि प्रशासनाला जे कळले ते कथाकाराला अजून वापरायचे सुचलेले नाही, ही गोष्ट आश्चर्याची आहे.

साक्षीदार असूनही सौदा फसतो, हेही उपनगरांनी पाहिले आहे. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील, पत्राचाळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीच्या पुनर्विकासाचा करार २००८ साली झाला आणि ६७२ कुटुंबांची घरे दशकाहून अधिक काळ रखडली. यात गुप्त असे काही नव्हते. करार नोंदलेला होता, सरकारी संस्था पक्षकार होती. त्यामुळे वर मांडलेल्या विचारात दुरुस्ती करावी लागते : साक्ष ही सौद्याला सैतानी होण्यापासून वाचवणारी पुरेशी हमी नाही, कारण गावऱ्हाटीतला साक्षीदार पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी उभा असायचा आणि राखण चुकली तर जाब विचारायचा, तर नोंदणी कार्यालयातील साक्षीदार सही करून निघून जातो. वार्षिक नूतनीकरण हा त्या जुन्या कराराचा खरा कणा होता, आणि एकदाच केलेल्या, वर्षानुवर्षे चालणाऱ्या करारात तो नसतो. अशा करारात सही करणारी पिढी आणि चावी घेणारी पिढी बहुधा एक नसते. पुनर्विकासावरची गूढकथा कोणी लिहायला घेतली तर तिला काळा कोट घातलेला अनोळखी इसम शोधत बसावे लागणार नाही. सभेच्या चित्रफितीत हात वर करणारे सभासद दिसतात, विरोध नोंदवणारेही दिसतात. बावीस मजली इमारतीचा देखभालखर्च पंधरा वर्षांनी ज्यांच्या नावावर निघणार आहे ती मुले त्या दिवशी शाळेत असतात, आणि कथा त्यांच्यापासून सुरू करता येईल.